किल्ली फिरवण्याआधी

हैदराबादेत पुतलीबावलीहून जांबागकडे निघालं की मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं लागतात. बेअरिंगची खोकी, ब्रेक शूचे गठ्ठे, छताला टांगलेले फॅनबेल्ट. चालायला वाट जेमतेम, आणि त्यातूनच एखादा पोऱ्या खांद्यावर सायलेन्सर घेऊन निघालेला असतो. एरवी इथलं गिऱ्हाईक एक क्लच प्लेट किंवा एक आरसा मागतं. मुसी नदीला पाणी आलं की मागण्या बदलतात. ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, चारही चाकांची बेअरिंग, सेल्फचे कार्बन ब्रश, रिले, फ्यूज असं सगळं एकाच गाडीसाठी लागतं.

अशी गाडी गॅरेजात येते ती टोचन करून किंवा क्रेनवर. मालक घाईत असतो, मिस्तरी नसतो. बॉनेट उघडण्याआधी त्याला दोन गोष्टी कळायला हव्या असतात आणि त्या तो इथल्या दखनीत विचारतो. ‘पानी कां तक आया?’ आणि ‘सेल्फ मारे क्या?’

पाणी कुठपर्यंत चढलं, यावर खर्च किती येणार हे ठरतं. बुडालेली गाडी चालू करून बघितली का, यावर इंजिन वाचणार की नाही हे ठरतं. पुरात सापडलेल्या गाडीचं पुढचं सगळं या दोन उत्तरांवर अवलंबून असतं. त्यातलं पहिलं निसर्गाच्या हातात आहे. दुसरं पूर्णपणे मालकाच्या हातात असतं, आणि तिथेच सर्वांत जास्त गाड्या मरतात.

मुसीच्या काठाला

दुकानांचा हा कोठीचा परिसर नदीला अगदी लागून आहे. ब्रिटिश रेसिडेन्सीची ती खांबांची भव्य इमारत, जिथे पुढे महिला महाविद्यालय आलं आणि आता महिला विद्यापीठ आहे, तिथून मुसीचं पात्र दूर नाही. खाली चादरघाटचे पूल, पलीकडे मलकपेट, अलीकडे गौलीगुडा आणि इमलीबनचं महात्मा गांधी बसस्थानक. मराठी वाचकाला हा भाग वेगळ्या कारणानं ओळखीचा आहे. इसामिया बाजारातलं मराठी ग्रंथसंग्रहालय इथलंच, आणि जांबागची विवेक वर्धिनी ही शिक्षणसंस्थाही इथलीच.

१९०७ साली सुरू झालेली विवेक वर्धिनी वर्षभराची होते न होते तोच २८ सप्टेंबर १९०८ चा पूर आला. सुमारे पंधरा हजार माणसं गेल्याचं सांगितलं जातं. अफजल पूल, मुसल्लम जंग पूल, चादरघाटचा पूल कोसळले, टिकला तो पुराना पूल. अफजलगंजजवळच्या चिंचेच्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास लोक वाचले. ते झाड आज उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. कवी अमजद हैदराबादी यांच्या डोळ्यांदेखत त्यांची आई, बायको आणि मुलगी वाहून गेली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावणं गेलं आणि त्यांच्या सल्ल्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे दोन जलाशय उभे राहिले.

या जलाशयांनी मुसीला बराच काळ आवरून धरलं. शहर मात्र नाल्यांवर आणि तलावांच्या पोटात वाढत गेलं. ऑगस्ट २००० मध्ये एका दिवसात चोवीस सेंटिमीटरच्या आसपास पाऊस झाला. त्यानंतर किर्लोस्कर कन्सल्टंट्सनी २००३ मध्ये नाले रुंद करण्याच्या शिफारशी करणारा अहवाल दिला. त्यातलं पुष्कळसं कागदावरच राहिलं. १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री घटकेसरला बत्तीस सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडला आणि हैदराबादच्या गल्ल्यांतून मोटारी वाहून जात असल्याची चित्रं देशानं पाहिली. चारच दिवसांनी पुन्हा मुसळधार पाऊस झाला आणि जुन्या शहराच्या दक्षिणेकडच्या वस्त्या परत पाण्याखाली गेल्या. २६ सप्टेंबर २०२५ च्या रात्री दोन्ही जलाशयांचे दरवाजे उघडले आणि मुसी थेट महात्मा गांधी बसस्थानकात शिरली. अडकलेल्या प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, बस दुसऱ्या ठिकाणांहून सोडाव्या लागल्या.

गाड्या मात्र नदीकाठीच बुडतात असं नाही. मलकपेटच्या रेल्वेपुलाखाली थोड्या जोरदार पावसातही पाणी साचतं. अपार्टमेंटच्या तळघरातलं पार्किंग, ज्याला हैदराबादेत सगळे ‘सेलर’ म्हणतात, ते तर पाण्यासाठी आयतंच टाकं ठरतं. रस्त्यावरचं पाणी काही तासांत ओसरतं. सेलरमधलं पंप लावून काढेपर्यंत दोन-दोन दिवस जातात आणि गाडी तेवढा वेळ पाण्यातच असते.

रॉड का वाकतो

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा हवेला दाबतो. हवा दबते, पाणी दबत नाही. एअर फिल्टरच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असताना सेल्फ मारला, तर वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो. कुठेतरी काहीतरी तुटणार किंवा वाकणार हे ठरलेलं असतं. बहुतेक वेळा वाकतो तो कनेक्टिंग रॉड. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात, गॅरेजात मात्र ‘रॉड गया’ एवढंच ऐकू येतं. डिझेल इंजिनात हवेचा दाब मुळातच जास्त, त्यामुळे तिथे थोडंसं पाणीही पुरतं.

पाणी ओसरल्यावर माणूस खाली उतरतो, गाडी जागेवर दिसते, वरून धुतल्यासारखी स्वच्छही दिसते. ‘एकदा बघू तर’ म्हणून किल्ली फिरवली जाते. ज्या इंजिनाचं काम ऑइल आणि फिल्टर बदलून भागलं असतं, ते त्या एका क्षणात पूर्ण उघडावं लागतं. पाण्यातून जाताना बंद पडलेली गाडी तिथेच पुन्हा चालू करणं तर आणखी वाईट, कारण बंद पडली याचा अर्थच पाणी आत गेलेलं असण्याची दाट शक्यता आहे.

दुसरी चूक कमी दिसते, पण नुकसान तेवढंच करते. बॅटरी जोडलेली राहते. मुसीचं पाणी म्हणजे सांडपाणी, क्षार आणि गाळ. त्यातून वीज सहज वाहते. बॅटरीची तार जोडलेली असेल तर बुडालेल्या प्रत्येक जोडात हा प्रवाह चालू राहतो आणि पितळेच्या, तांब्याच्या बारीक पिना झिजायला लागतात. कोरड्या हवेत जे गंजायला वर्षं लागतील ते काही तासांत खाल्लं जातं. म्हणून पाणी वाढतंय असं दिसलं आणि गाडीपर्यंत सुरक्षित पोचता येत असेल, तर दहा नंबरचा पाना घेऊन बॅटरीची ऋण तार सोडवणं हे सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोलाचं काम. पाणी आधीच चढलं असेल तर गाडीच्या नादी लागू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवशी मुंबईत बंद गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली. गाडीची भरपाई मिळू शकते.

ऑइल पॅनखालची घमेली

गॅरेजात काम सुरू होतं ते इंजिनापासून. मिस्तरी आधी डिपस्टिक ओढून बघतो. तिच्यावर निव्वळ ऑइल असेल तर चेहरा सैलावतो. जास्त दूध घातलेल्या चहाचा रंग दिसला तर पाणी ऑइलमध्ये मिसळलेलं असतं. मग एअर फिल्टरचा डबा उघडतात. फिल्टरचा कागद कोरडा असेल तर पाणी त्याच्या पुढे गेलेलं नाही असं बहुतेक धरून चालतात. ओला किंवा चिखलानं माखलेला असेल तर पुढचा सगळा सोपस्कार करावाच लागतो.

गाडी उंच करून खाली घमेलं ठेवतात आणि ऑइल पॅनचा बोल्ट सैल करतात. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसलेलं असतं, तेच आधी येतं. गढूळ पातळ धार, मग तपकिरी-पांढरा दाट काला, आणि सर्वांत शेवटी काळं ऑइल. मिस्तरी ही धार शेवटपर्यंत बघत बसतो. पाणी किती निघालं यावरून इंजिनाचं पोट किती भरलं होतं याचा अंदाज त्याला येतो.

त्यानंतर पेट्रोल गाडीचे स्पार्क प्लग काढतात, डिझेलचे ग्लो प्लग किंवा इंजेक्टर. सेल्फला हात लावायचा नाही. क्रँकच्या पुलीवर लांब दांड्याचा पाना बसवून इंजिन हातानं, सावकाश फिरवतात. अर्ध्या फेऱ्यात हाताला अडलं तर थांबतात. जोर लावत नाहीत. प्लग काढलेल्या भोकांतून पाण्याची पिचकारी उडाली तर बाजूला उभा असलेला मालक दचकतो, मिस्तरीला मात्र बरं वाटतं. निघायला हवं ते निघालं. पाणी येईनासं झालं की सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडतात, पुन्हा फेरे देतात, आणि हात मोकळा फिरायला लागला की मगच नवं ऑइल, नवा फिल्टर. हे ऑइलही कायमचं नसतं. इंजिन थोडा वेळ चालवून ते काढून टाकतात, पुन्हा नवं भरतात. रंग साफ येईपर्यंत दोन-तीनदा असं करावं लागतं. इथे पैसे वाचवायला जाणाऱ्याचं इंजिन सहा महिन्यांनी आवाज करायला लागतं.

टाकीचंही तेच. पाणी पेट्रोलच्या खाली बसतं आणि पंप तळातूनच ओढतो, म्हणजे इंजिनाला पहिला घोट पाण्याचाच मिळणार. टाकी रिकामी करून पुसल्याशिवाय इलाज नाही. गिअरबॉक्सला हवेसाठी छोटं छिद्र असतं. तापलेला गिअरबॉक्स एकदम गार पाण्यात बुडाला की आतली हवा आक्रसते आणि त्या छिद्रातून पाणी आत ओढलं जातं. म्हणून वरून कोरडा दिसला तरी ऑइल बघावंच लागतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं दुखणं त्याहून मोठं, कारण आतल्या क्लचच्या पट्ट्यांचं चिकटवण पाण्यानं सुटतं. ब्रेकचं ऑइल तर हवेतला ओलावाही शोषून घेतं. ते बदलायचं की नाही असा प्रश्नच नाही.

मागच्या ड्रममध्ये गाळ भरतो. हँडब्रेक ओढून आठवडाभर उभी ठेवलेली गाडी अनेकदा हलतच नाही, शू ड्रमला धरून बसतात. म्हणून बुडालेली गाडी उभी करताना हँडब्रेक सोडून चाकाखाली वीट लावतात.

गुजराती गल्लीचं काम

एवढं सगळं करून इंजिन चालू होतं. मालकाचा जीव भांड्यात पडतो. खरं अवघड काम इथून पुढे सुरू होतं, आणि हे मालकाला पटवणं फार कठीण जातं.

२००० च्या पुरात बुडालेल्या अँबेसिडर, प्रीमियर पद्मिनी, मारुती ८०० यांचं एक बरं होतं. डिस्ट्रिब्युटरचं टोपण काढून पुसलं, वाळवलं, कार्बोरेटर साफ केला की गाडी बऱ्याचदा गुरगुरायला लागायची. आजच्या गाडीत इंजिनाला वेगळा संगणक, ब्रेकला वेगळा, एअरबॅगला वेगळा, दारांच्या काचांना वेगळा. एअरबॅगचा डबा अनेक गाड्यांत दोन सीटच्या मध्ये, जमिनीलगत बसवलेला असतो. गालिचा भिजला की तो भिजलाच.

कोठीतली गुजराती गल्ली इलेक्ट्रॉनिक सामानासाठी प्रसिद्ध आहे. मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, कॉन्टॅक्ट क्लीनरचे डबे, तऱ्हेतऱ्हेचे सुटे घटक तिथे मिळतात. इंजिनाचं काम पान्यानं होतं, त्यानंतरचं काम गल्लीतल्या या सामानानं. मिस्तरी आणि वायरमन एकेक कपलर उघडतात. कपलर म्हणजे वायरच्या गुच्छाचा जोड. आतल्या पिनांवर हिरवट बुरा दिसला तर क्लीनर मारून, मऊ ब्रशनं घासून, हवा मारून वाळवतात. संगणकाचा डबा उघडून आतली सर्किटची पट्टी अल्कोहोलनं धुतात, हलक्या उष्णतेवर वाळवतात. कधी तो वाचतो, कधी बदलावा लागतो. बदलला तर चावीशी जुळवून द्यावा लागतो आणि ते काम कंपनीच्या वर्कशॉपशिवाय सहसा होत नाही.

पाणी जोडापाशी थांबलं असतं तर बरं होतं. वायरच्या आत तांब्याचे बारीक तंतू असतात. त्यांच्या फटींतून पाणी आवरणाच्या आतून पुढे पुढे चढत जातं, थेट जिथे पूर कधी पोचलाच नव्हता तिथपर्यंत. बाहेरून वायर ठणठणीत असते. चार-सहा महिन्यांनी एक दिवस काच वर होत नाही, आठवड्यानं एबीएसचा दिवा लागतो, मग पावसाळी रात्री गाडी मध्येच बंद पडते. मिस्तरी एक जोड दुरुस्त करतो, दुसरा बोलतो. पुराची गाडी घेऊन मालक पुन्हा पुन्हा गॅरेजात येतो, त्यात दर वेळी मिस्तरीची हयगय असतेच असं नाही.

म्हणून वर्कशॉपवाले पाण्याची रेघ तीन ठिकाणी मोजतात: गालिचापर्यंत, सीटपर्यंत, डॅशबोर्डपर्यंत. गालिचापर्यंतची गाडी नीट काम केलं तर वर्षानुवर्षं चालते. सीटपर्यंतची चालते, पण जपून. डॅशबोर्ड बुडालेली गाडी रस्त्यावर आणण्याचा हट्ट न धरलेला बरा. तिच्यात ओतलेला पैसा परत येत नाही, आणि एअरबॅग वेळेवर उघडेल याचा भरवसा कुणीच देऊ शकत नाही.

विजेवरच्या गाड्यांना वेगळा नियम आहे. बहुतेकांच्या बॅटरीला आयपी-६७ दर्जा असतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. सेलरमधले दोन दिवस त्या हिशेबात बसत नाहीत. नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतील तिथे गल्लीतल्या मिस्तरीनं हात घालू नये आणि मालकानं त्याला घालायला लावू नये. कंपनीच्या माणसाला बोलवावं.

सीट उन्हात, कागद टेबलावर

पूर ओसरल्यावर गॅरेजच्या बाहेर फुटपाथवर सीटच्या रांगा दिसतात. सीट काढल्याशिवाय गालिचा निघत नाही आणि गालिचा काढल्याशिवाय त्याखालचा जाड फोम दिसत नाही. वरचं कापड दोन दिवसांत सुकतं, फोम पंधरा दिवसांतही सुकत नाही. पत्र्याला खाली रबरी बुचं असतात, ती काढली की साचलेलं पाणी निघून जातं. मुसीच्या पाण्याला गटाराचा वास असतो, त्यामुळे नुसतं वाळवून भागत नाही, जंतुनाशकानं धुवावं लागतं. एसीच्या ब्लोअरमध्ये गाळ राहिला तर पुढचा प्रत्येक उन्हाळा त्या वासात जातो.

मात्र हे काही उघडण्याआधी विमा कंपनीला कळवायला हवं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचा एक पैसा मिळत नाही. स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणाऱ्या पॉलिसीत पूर येतो. गाडी जिथे आहे तिथेच पाण्याच्या रेघेसकट फोटो काढावेत, नंबरप्लेट दिसावी. मग टोचन, मग सर्व्हेअर, मग काम.

पॉलिसीतली एक अट फार थोडे लोक वाचतात. नुकसान झाल्यावर आवश्यक दुरुस्ती न करता गाडी चालवली आणि नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या माथी. सेल्फ मारल्यामुळे वाकलेला रॉड विमा कंपन्या बहुतेक वेळा याच सदरात, परिणामी नुकसान म्हणून, टाकतात. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं वेगळं कवच घ्यावं लागतं. रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीच्या किमतीतून घसाऱ्यापोटी निम्मी रक्कम कापली जाते. झीरो डेप्रिसिएशनचं कवच असेल तर ही कपात टळते, तरी बॅटरीबद्दल काय लिहिलंय ते वाचून घ्यावं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला, तर गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. हा शब्द ऐकून लोक हादरतात, पण डॅशबोर्ड बुडालेल्या गाडीच्या मालकासाठी तो अनेकदा सर्वांत बरा निकाल असतो.

ती गाडी पुढे कुठे जाते

टोटल लॉस झालेली गाडी लिलावात जाते. सगळ्याच भंगारात निघत नाहीत. काही धुऊन, पॉलिश करून, नवी सीटकव्हरं चढवून जुन्या गाड्यांच्या बाजारात परत येतात, आणि बऱ्याचदा दुसऱ्या राज्यात. हैदराबादची बुडालेली गाडी नांदेड-लातूरच्या गिऱ्हाइकाला आणि चिपळूणची बुडालेली हैदराबादच्या गिऱ्हाइकाला विकली जाणं अगदी शक्य आहे. अमेरिकेत पुरात बुडालेल्या गाडीच्या मालकीच्या कागदावर तशी नोंद होते. आपल्या आरसीवर अशी नोंद होत नाही. व्हायला हवी. विमा कंपनीनं टोटल लॉस ठरवलेली गाडी पुन्हा रस्त्यावर आली तर खरेदीदाराला कागदावर कळलंच पाहिजे.

तोवर डोळे उघडे ठेवणं हाच उपाय. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा, गुंडाळलेल्या टोकाला चिखलाची रेघ सापडते, कारण तिथवर धुणारा पोचत नाही. सीटखालच्या रुळांवर आणि बोल्टांवर गंज आहे का बघावं. स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवावं, बारीक गाळ लागतो का. पाच वर्षांच्या गाडीत कोरा करकरीत गालिचा असेल तर विचारावं की का. उग्र अत्तराचा वास असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसावं. आणि विकणाऱ्याकडे आधीच्या वर्षांच्या पॉलिसी मागाव्यात. दावा केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. एखाद्या पुराच्या वर्षानंतर तो बोनस अचानक तुटलेला दिसला, तर त्या गाडीची गॅरेजची बिलं बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक गाडीवाल्यानं तीन गोष्टी कराव्यात. पॉलिसी काढून तिच्यात इंजिन प्रोटेक्ट आहे का ते बघावं, नसेल आणि मिळत असेल तर नूतनीकरणाच्या वेळी घ्यावं. बॅटरीच्या नटाला बसणारा पाना गाडीत ठेवावा आणि ऋण तार कोणती ते एकदा उजेडात बघून ठेवावं. घरात जे जे कोणी गाडी चालवतात त्या सगळ्यांना सांगून ठेवावं, की गाडी पाण्यात उभी होती तर मिस्तरी येईपर्यंत किल्ली फिरवायची नाही.